आमचे पीएम साहेब

हिंगोलीत आमच्या गल्लीत पीएम राहतात. पत्ता विचारत आलेला माणूस हे ऐकून हसतो, मग त्याला व्हिजिटिंग कार्ड दाखवावं लागतं. कार्डावर नाव, नावाखाली ‘डी.सी.ई.’, त्याखाली ‘प्रोजेक्ट मॅनेजर’, कोपऱ्यात पिवळ्या हेल्मेटचं चित्र आणि दोन मोबाईल नंबर. त्यातला दुसरा खोडून पेनानं तिसरा लिहिलेला. प्रोजेक्ट मॅनेजरचं ‘पीएम’ सेंट्रिंगच्या पोरांनी केलं, ‘साहेब’ सिमेंटच्या दुकानदारानं जोडलं आणि आता त्यांची आई सोडली तर सगळी गल्ली त्यांना पीएम साहेब म्हणते. आई ‘बापू’ म्हणते आणि दळण आणायला पाठवते.

त्यांचं खरं नाव मी देत नाही. देऊनही उपयोग नाही. कळमनुरीत एक पीएम साहेब आहेत, वसमतला दोघे-तिघे तरी असतील, सेनगावात एक आहेत ते शिवाय क्लासही चालवतात. रिकाम्या प्लॉटवर खडीचा ढीग दिसला आणि त्याच्या शेजारी मोटारसायकल उभी करून कुणी फोनवर “गाडी निघाली का? मग कुठंवर आली? आं? अजून भरायचीच हाय?” असं विचारत असला, की समजावं, हेच ते.

ओळखायला सोपे. हेल्मेट मोटारसायकलच्या आरशाला अडकवलेलं. ते साईटचं आहे, गाडी चालवताना घालायचं नव्हे. खिशात तीन पेनं आणि एक खडू. कमरेच्या पट्ट्याला पाच मीटरचा टेप. हा टेप ते फक्त झोपताना काढतात असं वहिनी सांगतात, आणि सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक नसतं. लग्नाला गेले की मांडवाच्या दारापासून स्टेजपर्यंत पावलं मोजत जातात आणि आहेराचं पाकीट नवऱ्या मुलाच्या हातात देता देता पुटपुटतात, “साठ बाय चाळीस हाय, ऐंशीचं बिल लावलं असंल.” कुणाच्या घरी गेले की आधी छताकडं बघतात, मग माणसांकडं. स्वतःसाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा ती पोहे घेऊन बाहेर आली आणि हे बीमकडं बघत होते. तिच्या वडलांना वाटलं, पोरगा लाजाळू आहे. चहा झाल्यावर हे म्हणाले, “मामा, बीमला कव्हर कमी पडलंय. पाच वर्षांत सळई उघडी पडंल.” ती चौथ्या वर्षीच उघडी पडली. तोवर ते जावई झाले होते, त्यामुळे दुरुस्ती फुकट करून द्यावी लागली.

वडील १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर मुकादम होते. चौथी शिकलेले असल्यानं मस्टर त्यांच्या हाती आलं. तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं: एक खडी फोडणारी, दुसरी मस्टर धरणारी. आपला पोरगा दुसऱ्या प्रकारात जावा एवढीच त्यांची इच्छा. पोरगा नांदेडच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन निघाला त्याच वर्षी, १ मे १९९९ ला, परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. वडलांनी ओट्यावर बसून हिशोब मांडला. जिल्हा झाला म्हणजे कलेक्टर ऑफिस आलं, एसपी ऑफिस आलं, जिल्हा परिषद, कोर्ट, सरकारी दवाखाना, विश्रामगृह आणि या सगळ्यांतल्या साहेबांना राहायला बंगले. “जन्मभर पुरंल इतकं काम सरकारनं एका दिवसात काढलं बघ तुला.”

हिशोब अगदी बरोबर निघाला. बांधकामं झाली, अजून होतच आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पीएम साहेब हेल्मेट घालून उभे होते. फक्त सरकारनं काम काढलं होतं, नोकरी काढली नव्हती. हा बारकावा वडलांच्या ध्यानात आला नाही, कारण १९७२ मध्ये दोन्ही एकच होतं.

पहिल्या ठेकेदाराकडं ते सुपरवायझर म्हणून लागले. वर्ष झाल्यावर पगारवाढ मागितली. ठेकेदार म्हणाला, “बिल निघू दे, बघू. पण आजपासून तू साईट इंजिनिअर.” मग पूर्णा–अकोला मीटरगेज लाईनची ब्रॉडगेज होऊ लागली. तिथं एका पोटठेकेदाराकडं मोऱ्यांच्या कामावर ते सीनियर साईट इंजिनिअर झाले. २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली, हिंगोलीकर मोठ्या गाडीत बसून निघाले आणि पीएम साहेब घरी बसले. पुढं समृद्धी महामार्गाच्या वाशिमकडच्या पट्ट्यात एका बड्या कंपनीच्या पेटी काँट्रॅक्टरच्या पेटी काँट्रॅक्टरकडं ते साईट इनचार्ज होते. अकोल्याहून हिंगोली–कळमनुरीवरून नांदेडकडं जाणारा १६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी व्हायला लागला, तेव्हा प्रोजेक्ट मॅनेजर. प्रत्येक वेळी पगार मागितला आणि प्रत्येक वेळी पद मिळालं. “आणखी एकदा मागितला असता,” ते म्हणतात, “तर डायरेक्टरच करून टाकलं असतं मला.”

रस्ता झाला. रस्ता झाला की रस्त्याच्या मॅनेजरचं काम संपतं. इतर धंद्यांत काम चांगलं केलं तर माणूस टिकतो, या धंद्यात काम वेळेवर पुरं केलं तर तो घरी जातो. आपल्याकडची कामं रखडतात ती यामुळंच की काय, अशी मला एकदा शंका आली आणि मी ती बोलून दाखवली. पीएम साहेबांना राग आला नाही. “न्हाई हो. ते रखडतंय जमिनीच्या मोबदल्यावरून. आमी रखडवायला लागलो तर कुणाला कळणारबी न्हाई.”

दोन साईटींच्या मधला काळ हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत गजबजलेला काळ. साईट चालू असताना ते कुणाला भेटत नाहीत. साईट नसली की दिवसभर भेटतात. सकाळी सिमेंटच्या दुकानात, दुपारी बांधकाम खात्याच्या ऑफिसबाहेरच्या टपरीवर, संध्याकाळी आमच्या ओट्यावर. “सध्या काय चाललंय?” असं विचारलं तर “बोलणी चालू हायत” हे उत्तर. कुणाशी, ते सांगत नाहीत. ठेकेदाराला टेंडर लागलं की वर्क ऑर्डर यायची असते, वर्क ऑर्डर आली की आचारसंहिता लागते, ती उठली की पाऊस लागतो, पाऊस उघडला की दसरा. आणि हिंगोलीच्या दसऱ्याचं प्रदर्शन लागलं की कोणतीही बोलणी पुढं सरकत नाहीत, कारण दोन्ही बाजू आकाशपाळण्यात असतात.

हा माणूस नेमकं करतो काय, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. कागदावर सांगायचं तर ड्रॉइंगप्रमाणं काम करून घेणं, मालाचा हिशोब ठेवणं, मजुरांची हजेरी, रोजचा प्रगती अहवाल. प्रत्यक्षात सकाळी सहाला फोन सुरू होतो. वाळूची गाडी तहसीलच्या पथकानं धरली. मिक्सरवाल्याचा मेव्हणा दवाखान्यात आहे आणि मिक्सरची चावी मेव्हण्याच्या खिशात आहे. बिहारची पोरं छटपूजेला गेलीत, ती होळी करूनच येणार. इथली पोरं ऊसतोडीला कारखान्यांवर गेलीत, ती त्यानंतर. सरपंचाचा पुतण्या म्हणतो, मुरूम पडंल तर माझ्याच टिप्परनं पडंल. नऊ वाजेपर्यंत एकही वीट न लावता पीएम साहेबांचा घसा बसलेला असतो.

पण त्यांना खरं पाहावं ते स्लॅबच्या दिवशी. आदल्या रात्री ते बॅटरी घेऊन सेंट्रिंगखाली शिरतात आणि एक एक टेकू हातोडीनं ठोकून बघतात. वर सळयांखाली कव्हरचे ठोकळे नीट आहेत का, रिंगांमधलं अंतर बरोबर आहे का, विजेच्या नळ्या कुणी तुडवल्यात का, हे सगळं पाहून मध्यरात्री घरी येतात. सकाळी मालक नारळ फोडतो. नारळ फुटला की मालक, त्याचा मेव्हणा आणि गल्लीतले रिटायर्ड गुरुजी असे सगळे स्लॅब बघायला वर चढतात आणि जिथं पाय ठेवू नये नेमका तिथंच ठेवून सळया वाकवतात. मेव्हणा विचारतो, “दहाची का टाकली? बाराची का न्हाई?” पीएम साहेब सांगतात, ड्रॉइंगमध्ये दहाची आहे. मेव्हणा म्हणतो, “आमच्या सासऱ्यानं बाराची टाकली.” सासऱ्यापुढं ड्रॉइंग हरतं.

मग खरी लढाई सुरू होते, ती पाण्यावरून. मिस्त्रीला माल पातळ हवा असतो. पातळ माल आपोआप पळतो, थापी हलकी चालते, चार वाजेपर्यंत सुट्टी होते. पीएम साहेबांना तो घट्ट हवा असतो, कारण काँक्रीटमध्ये पाणी वाढलं की ताकद कमी होते. मिस्त्री ओरडतो, “पानी मार रे!” हे ओरडतात, “खबरदार!” मिक्सरवरचा पोरगा ज्याच्याकडून उचल घेतलेली असते त्याचं ऐकतो, म्हणजे मिस्त्रीचं. शेवटी पीएम साहेब एकच उपाय करतात. पाण्याच्या ड्रमवर जाऊन बसतात. ऊन असो वा वारा, स्लॅब पुरा होईपर्यंत उठत नाहीत. जेवणाचा डबासुद्धा तिथंच येतो. आमच्या भागातली पंचवीस वर्षांतली जी जी छतं गळत नाहीत, ती त्या ड्रमवर बसल्यामुळं गळत नाहीत असं माझं प्रामाणिक मत आहे. अभियांत्रिकीच्या पुस्तकात या पद्धतीला जागा द्यायला हवी.

संध्याकाळी स्लॅबचं जेवण. मालक हौशी असला तर बोकड, नसला तर वरण-भात आणि बुंदी. मिस्त्रीला टॉवेल-टोपी आणि वर पाकीट. पीएम साहेबांपुढं मालक हात जोडतो. “साहेब, तुमचं नंतर बघू.” नंतर काय बघायचं असतं तर स्लॅबवर पाणी मारायचं. काँक्रीटला पुरी ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात. पहिल्या सात दिवसांत ढोबळमानानं दोन-तृतीयांश येते, तीही पाणी मिळालं तर. मालक जेवणावर खर्च करतो पण पाणी मारायला माणूस ठेवत नाही. शिवाय आमच्याकडं स्लॅब पडतात उन्हाळ्यात, म्हणजे बोअरला घागरभर पाणी नसतं तेव्हा. मग हेच संध्याकाळी जाऊन स्लॅबवर आळी बांधतात, टँकरवाल्याच्या पाया पडतात आणि दुसऱ्याच्या छतावर तळं करून रात्री घरी येतात. घरी वहिनी म्हणतात, “आपल्या टाकीत पाणी न्हाई.”

पगाराचं असं आहे. मजुरांचा हिशोब आठवड्याला होतो, बाजाराच्या दिवशी. त्यांना थांबवून चालत नाही. मिस्त्रीला पैसे नाही मिळाले तर तो थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून पुढच्या साईटवर जातो. पीएम साहेबांचा पगार महिन्याला असतो. कोणत्या महिन्याचा कोणत्या महिन्याला, हे ठरलेलं नसतं. ते पिशवीत काय टाकणार? टेप? नव्यानं लागलेल्या डिप्लोमावाल्या पोराला जे मिळतं त्यापेक्षा खाडे न करणारा मिस्त्री महिन्याकाठी जास्त नेतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटनांनी सरकारकडं ८९ हजार कोटींची बिलं थकल्याचं सांगून काम बंदचं हत्यार उपसलं. पीएम साहेब पेपर घेऊन आमच्याकडं आले, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “यात माझे बी चार पगार हायत.” राज्याच्या अर्थव्यवस्थेत आपलाही वाटा असल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर मी त्या दिवशी पाहिलं.

स्वतः ठेकेदार व्हायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला. आपल्याकडं छोटी सरकारी कामं वाटायची एक रीत आहे: ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेली ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना. म्हणजे काम हवं असेल तर आधी आपण बेरोजगार आहोत अशी रीतसर नोंद हवी. पीएम साहेबांनी ती केली. वडलांनी गावात पेढे वाटले, पोरगा सरकारमान्य बेरोजगार झाला म्हणून. चिठ्ठ्या टाकून कामं वाटली गेली आणि पीएम साहेबांच्या वाट्याला आलं ते एका गावच्या स्मशानभूमीचं शेड.

काम त्यांनी मन लावून केलं. चार खांब सरळ, पत्रे नवे, ओटा विटांचा. प्रश्न आला उद्घाटनाचा. समाजमंदिर असतं तर फीत कापायला चार पुढारी एकमेकांना ढकलत आले असते. इथं कुणी पुढं होईना. सरपंच म्हणाले, उपसरपंचांना बोलवा. उपसरपंच म्हणाले, मी आजारी आहे आणि आजारी असताना तर मुळीच येणार नाही. ग्रामसेवकांची बदली झाली होती, ते त्याच आनंदात होते. शेवटी उद्घाटनावाचूनच शेड वापरात आलं. ज्याच्यासाठी बांधलं त्याच्याकडून एकही तक्रार न आलेलं पीएम साहेबांचं हे एकमेव काम. बिल मात्र मार्च एंडला निघायचं ते पुढच्या मार्च एंडला निघालं, आणि तेवढ्यात व्याजानं नफा खाल्ला. पुन्हा ते नोकरीला लागले. ‘सरकारमान्य’ हा शब्द वडील अजून वापरतात.

मधल्या काळात ते घरकुलांचा सल्ला देतात. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर २६९ चौरस फुटांचं आणि मूळ अनुदान १ लाख २० हजारांचं. पुढं राज्यानं त्यात भर घातली. एकदा एक म्हातारी मावशी त्यांच्याकडं आली. तिला एवढ्यातच दोन खोल्या, स्वयंपाकघर, देवघर, हळद ठेवायला कोठी आणि जिना हवा होता. पीएम साहेबांनी विचारलं, “मावशे, वर मजला न्हाई, मग जिना कशाला?” ती म्हणाली, “आज न्हाई. नातू चढवंल की.” या उत्तरापुढं त्यांचा डिप्लोमा चालला नाही. त्यांनी बाहेरून जिना काढून दिला, पहिल्या सात पायऱ्या. सध्या त्या पायऱ्यांवर वाळवण असतं.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून गूढ आवाज येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण या वेळी लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले. त्या दिवशी पीएम साहेबांचे दोन्ही, म्हणजे तिन्ही, नंबर दिवसभर वाजत होते. “साहेब, भिंतीला भेग पडली.” “साहेब, दार लागंना झालं.” ते घरोघरी गेले, भेगांवर खडूनं तारीख घातली, काचेची पट्टी चिकटवून भेग वाढते का ते बघायला सांगितलं. हे शास्त्रशुद्धच. पण त्या दिवसापासून त्यांना एक सोय झाली. त्यांनी बांधलेल्या कोणत्याही घरातली कोणतीही भेग आता भूकंपाची असते. अलीकडं बांधून झालेल्या घरातली भेगही. “जमीन अजून बसायली,” ते सांगतात.

शक्तिपीठ महामार्गानं त्यांची सर्वांत मोठी कोंडी केली. नागपूर ते गोवा, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, त्यांत हिंगोली. इतकं मोठं काम म्हणजे निदान पाच वर्षं चूल पेटती. पण आखणीत त्यांच्या भावाचं हळदीचं रान आलं, आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून भाऊ त्या रानाकडं नुसता बघत असतो. पीएम साहेब सकाळी भावाबरोबर मोर्चात जाऊन ‘एकच जिद्द, शक्तिपीठ रद्द’ म्हणून आले आणि दुपारी एका ओळखीच्या ठेकेदाराला फोन लावून, काम कुणाला सुटतंय म्हणून विचारत होते. मी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. ते म्हणाले, “भावाचं रान वाचावं, रस्ता थोडा सरकून व्हावा. सरकलेल्या रस्त्याला बी मॅनेजर लागतोच ना?”

मागच्या वर्षी भाचा दहावी झाला आणि पॉलिटेक्निकच्या फॉर्मवर सिव्हिल टाकावं की कॉम्प्युटर, हे विचारायला बहिणीसकट आला. पीएम साहेबांनी टेप काढून टेबलावर ठेवला, म्हणजे विषय गंभीर.

सुरुवात अमेरिकेपासून. तिथल्या सरकारी आकड्यांप्रमाणं २०२३ मध्ये कन्स्ट्रक्शन मॅनेजरचा मधला पगार वर्षाला १ लाख ४ हजार ९०० डॉलर होता, आणि २०३३ पर्यंत जागा ९ टक्क्यांनी वाढतील असा अंदाज. “डॉलरला त्र्याऐंशी लाव,” ते भाच्याला म्हणाले. भाच्यानं मोबाईलवर लावले. सत्त्याऐंशी लाख. खोलीत शांतता. मग बहीण म्हणाली, “पण दादा, दर महिन्याला मिळतो का?” पीएम साहेबांनी विषय बदलला.

विषय गेला इस्रायलला. २०२४ च्या सुरुवातीला हरियाणात आणि उत्तर प्रदेशात तिकडं बांधकामावर जाणाऱ्यांची भरती झाली. पगार महिना १ लाख ३७ हजार रुपयांच्या घरात. पीएम साहेबांनी तेव्हा ती यादी वरून खाली आणि खालून वर वाचली होती. सेंट्रिंगचे सुतार हवेत, सळई वाकवणारे हवेत, फरशी बसवणारे हवेत, प्लास्टरवाले हवेत. त्यांच्या शेजारी उभं राहणारा मात्र कुणी नको. ही बातमी त्यांनी मिस्त्रीला सांगितली होती. मिस्त्री मनाचा मोठा. म्हणाला, “साहेब, मी शिकवतो प्लास्टर. तुमी हुशार हाव, महिन्यात येईल.”

सरकारी नोकरीचं प्रकरण त्यांनी दोन वाक्यांत आटोपलं. २०२३ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यानं स्थापत्यच्या कनिष्ठ अभियंत्यांच्या ५३२ जागा काढल्या, तेव्हा ह्यांचं वय कधीच उलटून गेलं होतं. “आणि परीक्षेत बेंडिंग मोमेंट विचारतेत. सरपंचाचा पुतण्या विचारत न्हाईत, जो रोज येतो.”

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली, कारण आता दुधाळ्याची पाळी होती. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. तत्त्वतः मंजुरी २०१६ ची. २,६०० कोटींच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता एप्रिल २०२३ ची. ११ मे २०२३ ला दिल्लीतून पायाभरणी. कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश थरथरतं, ती थरथर मोजायची. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी ती पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ ला टिपली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात, आत हवेचा कण नाही, फक्त लेझर. फरक मोजायचा तो प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

हे सगळं पीएम साहेबांना पाठ आहे. पण ते थांबतात काटकोनाशी. “चार किलोमीटरवर काटकोन! आपल्याकडं दहा बाय दहाच्या खोलीत निघत न्हाई. फरशीवाला शेवटच्या ओळीला येऊन रडतो.” पाया आखताना आपल्याकडं तीन-चार-पाचची दोरी धरतात: एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, तिरकं पाच आलं की कोन बरोबर. “इथं पाच किलोमीटरची दोरी लागंल. आन् मधी कुणाची तरी म्हैस येईल.” अर्धा इंच चुकला तर आम्ही प्लास्टरमध्ये झाकतो, प्रोटॉनला प्लास्टर कुठलं, हाही त्यांचा प्रश्न. आणि सर्वांत मोठी अडचण बिलाची. सरकारी दरसूचीत खोदाईचा दर आहे, भराईचा आहे, पोकळीचा कुठं आहे? मोजमाप पुस्तिकेत ज्युनिअर इंजिनिअर काय लिहील? “‘नळीतील हवा काढणे, वाहून नेणे व दाखवलेल्या जागी टाकणे, लीड व लिफ्टसह.’ ऑडिट विचारंल, टाकलेली हवा दाखवा!”

एवढं बोलून झाल्यावर ते गंभीर झाले. दुधाळ्याला ते स्वतः जाऊन आले होते. बायोडेटा बरोबर होता, नवीन कार्डही. यंत्रापाशी आपल्याला कुणी उभं करणार नाही हे त्यांना कळतं. “पण कंपाउंड वॉल लागंल का न्हाई? क्वार्टर्स लागतील, आतले रस्ते लागतील, गटार लागंल. ते काय शास्त्रज्ञ बांधणार हायत?” तिथल्या वॉचमननं कार्ड ठेवून घेतलं, फोन करतो म्हणाला. कोणत्या नंबरवर, हा प्रश्न आहेच.

भाच्यानं सगळं ऐकून फॉर्मवर कॉम्प्युटर पहिलं टाकलं, दुसरंही कॉम्प्युटर टाकलं, कॉलेज बदलून तिसरंही. लागलं चौथं, सिव्हिल. पीएम साहेबांनी त्याला जुना टेप दिला.

परवापर्यंत त्यांची बोलणी चालू होती. दसऱ्यापर्यंत ते मोकळे आहेत असं मला खात्रीलायक कळतं. तेव्हा हिंगोलीकडं कुणी घर बांधायला काढलं असेल तर त्यांना जरूर घ्या. स्लॅब गळणार नाही, ही हमी मी देतो. पाण्याचा ड्रम चांगला मजबूत आणा, मेव्हण्याला त्या दिवशी परगावी पाठवा, जिना कुठं जाणार आहे ते आधी कागदावर लिहून घ्या. आणि त्यांचा पगार महिन्यावर ठेवू नका. मिस्त्रीबरोबर बाजाराच्या दिवशी रोख देत जा.